भेसळीपलीकडचा धोका

अन्नरक्षणाचा प्रश्न म्हणजे दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला पकडण्याचा प्रश्न, अशी सरकारची व नागरिकांचीही समजूत दीर्घकाळ होती. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा याच समजुतीतून जन्मला.

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभर केलेल्या दुधाच्या पाहणीने या समजुतीस धक्का दिला. ६,४३२ नमुन्यांपैकी आरोग्यास घातक भेसळ आढळली ती अवघ्या १२ नमुन्यांत. परंतु अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष मर्यादेहून अधिक निघाले ते ३६८ नमुन्यांत. हे विष कोणी दुधात कालवीत नाही. बुरशी धरलेली पेंड व चारा जनावराच्या पोटात जातो आणि विष धारेवाटे भांड्यात उतरते. दूध उकळल्याने ते नाहीसे होत नाही. येथे गुन्हेगार सापडत नाही. सापडतो तो ओलसर कोठारातील निष्काळजीपणा!

२००६ च्या कायद्याने ‘भेसळी’च्या जागी ‘सुरक्षितता’ हा शब्द आणला, हे योग्यच झाले. असुरक्षित अन्नाने मृत्यू ओढवल्यास जन्मठेपेपर्यंतची शिक्षाही त्यात आहे. परंतु शिक्षा ही अपघातानंतरची गोष्ट होय. नमुन्याचा अहवाल देण्यास कायदा विश्लेषकाला १४ दिवस देतो. दूध तर दोन दिवसही टिकत नाही. शिवाय राज्यांच्या ७२ प्रयोगशाळांपैकी ६५ मान्यताप्राप्त नाहीत, असे महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात नमूद केले होते. अहवाल हाती येईतो दूध मुलांच्या पोटात गेलेले असते.

म्हणून नियंत्रणाचा आरंभ दुकानात नव्हे, तर गोठ्यात व्हावयास हवा. संकलन केंद्रावर दुधाचा भाव फॅट मोजून ठरतो; त्याबरोबरच पेंडीची तपासणी झाली व निर्विष दुधाला चार पैसे अधिक मिळाले, तर शेतकरी कोठार कोरडे ठेवील. दोन म्हशींच्या धन्यावर केवळ दंडाचा बडगा उगारून हे साधणार नाही.

ग्राहकाचेही एक कर्तव्य आहे. विकत घेतलेले अन्न शुल्क भरून तपासून घेण्याचा अधिकार कायद्याने त्याला दिला आहे, आणि दोष सिद्ध झाल्यास ते शुल्क परतही मिळते. गवळ्याला दूषणे देण्यापेक्षा हा अधिकार वापरणे अधिक फलदायी ठरेल. मात्र त्या नमुन्याचा निकाल वेळेवर देणारी प्रयोगशाळा प्रत्येक जिल्ह्यात उभारणे, हे सरकारचे काम आहे. ते झाल्यावाचून ‘सुरक्षितता’ हा शब्द कायद्याच्या पुस्तकातच राहील.