ट्रॉली घेताना : ओढणे सोपे, थांबवणे अवघड

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याच्या मनात एक विचार डोकावतोच. ट्रॅक्टर आपला, चालवायला आपण नाहीतर घरचाच मुलगा. एखादी चांगली ट्रॉली घेतली तर ऊस वाहतुकीचे चार पैसे घरात येतील. विचार वाईट नाही. पण ट्रॉली बघायला गेलेला माणूस बहुधा पहिला प्रश्न विचारतो, "हिच्यात माल किती बसतो?" शेतकरी बंधूंनो, पहिला प्रश्न वेगळा हवा. "भरलेली ट्रॉली माझा ट्रॅक्टर थांबवू शकेल का?"

खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर बराच मोठा भार ओढून नेतो. म्हणून आपली समजूत होते की भार त्याला पेलला. पण अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर मागचे सगळे वजन ट्रॅक्टरला ढकलू लागते, ट्रॉली आडवी होते आणि ट्रॅक्टरलाही फिरवते. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर सुमारे चौपट होते. तेव्हा ट्रॉलीला ब्रेक आहेत का, ते चालतात का, हे आधी पाहा. रस्त्यावर ट्रॅक्टरची डावी-उजवी ब्रेकची पायटी एकत्र जोडलेली असावीत. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका; आधीच खालचा गिअर टाका.

आता दोनचाकी घ्यावी की चारचाकी? दोनचाकीचे थोडे वजन हुकावर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येते. त्यामुळे चिखलात चाक घसरत नाही, आणि मागे घेणे, बांधावर वळवणे सोपे जाते. मात्र पुढच्या बाजूला फार भरले तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग लागत नाही. मागे जास्त भरले तर हुक वर उचलला जातो. भार चाकांच्या किंचित पुढे, एवढेच बरे. चारचाकी आपला भार आपल्याच चाकांवर घेते, माल जास्त नेते आणि लांबच्या डांबरी रस्त्याला चांगली. पण मागे घेताना पुढचे टर्नटेबल नवख्याला दमवते. तुमचे शेत काळ्या रानात, अरुंद पाणंदीला असेल तर दोनचाकीच कामाची.

दुसरी निवड सपाट की फळ्यांची. फक्त ऊसच वाहायचा असेल तर बाजू उघडी असलेली सपाट ट्रॉली सोयीची. मोळ्या रचायला आणि कारखान्यावर क्रेनने उतरवायला अडचण येत नाही. पण हंगाम संपल्यावर शेणखत, माती, सोयाबीन कशात नेणार? वर्षभर घरचे काम असेल तर फळ्यांची, हायड्रोलिकने उलटणारी ट्रॉली बरी. तिचे वजन मात्र जास्त असते. समजा, नोंदणीपुस्तकात मालासह एकूण वजन ६ टन लिहिले आहे आणि रिकामी ट्रॉली दीड टनाची आहे. म्हणजे माल साडेचार टनच. भाडे मालाचे मिळते, लोखंडाचे नाही. सपाट ट्रॉलीचा तळ जितका खाली तितकी ती उलटण्याची भीती कमी, हेही ध्यानात ठेवा.

जुनी घेत असाल तर रंगावर जाऊ नका. नव्या रंगाखाली जुनी चीर लपते. चासीचे जोड आणि वेल्डिंग उजेडात बघा. चाक जॅकवर उचलून हलवा. खेळ लागला तर बेअरिंग गेले. हुकाची रिंग आणि पिन झिजली आहे का पाहा. भरलेली ट्रॉली चार-पाच किलोमीटर चालवून हबजवळ हाताची पाठ न्या. एकच हब फार तापला असेल तर दुखणे तिथेच आहे. ९.००-१६ चे टायर बाजारात सहज मिळतात. सगळे टायर एकाच मापाचे असावेत.

कागदपत्रांचा कंटाळा करू नका. कायद्याने ट्रॉली हेसुद्धा वाहनच आहे. चासीवर कोरलेला नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळतो का, बँकेचा बोजा उतरला आहे का, हे बघूनच पैसे द्या. गावच्या वर्कशॉपमध्ये बनवून घेणार असाल तर आरटीओत नोंदणी होईल असे कागद मिळतील का, ते आधी लेखी घ्या. विम्याच्या पॉलिसीत ट्रॉलीचा नंबर आणि भाड्याची वाहतूक या दोन्हींचा उल्लेख आहे का, तेही विचारा. अपघातानंतर विचारून उपयोग नसतो.

आता घरातल्या सर्वांनी, माता-भगिनींनीसुद्धा, एका संध्याकाळी वही घेऊन बसावे. हंगाम चार-पाच महिन्यांचा, हप्ता मात्र बारा महिन्यांचा. २०२१-२२ चा हंगाम जूनपर्यंत लांबला होता. २०२४-२५ मध्ये मात्र राज्यातले बहुतेक कारखाने मार्चअखेर बंद झाले. म्हणून हिशेब शंभर दिवसांचाच धरा. समजा डिझेल, टायर, दुरुस्ती वजा जाता टनामागे १०० रुपये हातात राहिले आणि दिवसाला १० टन वाहिले, तर शंभर दिवसांत १ लाख रुपये झाले. वर्षाचे हप्ते त्यात बसत नसतील तर ट्रॉली लहान घ्या, नाहीतर एक वर्ष थांबा. मुकादमाला द्यायची उचल या हिशेबात मिसळू नका. टोळी आली नाही तरी हप्ता चुकत नाही.

शेवटी, अंधारात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळून किती घरे उघडी पडली, हे तुम्ही आपल्याच पंचक्रोशीत पाहिले असेल. मागचे दिवे, तांबडे रिफ्लेक्टर आणि चमकणारी पट्टी यांचा खर्च एका टायरपेक्षाही कमी असतो. मोळ्या या दिव्यांवर लोंबू देऊ नका. भरलेल्या उसावर मजुरांना किंवा लेकरांना बसवू नका, लग्नाचे वऱ्हाडही ट्रॉलीतून नेऊ नका. ट्रॉली पसंत पडली तरी सौदा त्याच दिवशी करू नका. मालकाला सांगून ती एकदा भरा, गावाजवळच्या उतारावर सावकाश न्या आणि थांबवून बघा. ती थांबली, तरच विसार द्या.