उच्च दर्जाची ऑडिओ सिस्टिम : पैसा कुठे खर्चावा?

नव्वदच्या दशकात म्युझिक सिस्टिमची विक्री 'पीएमपीओ'च्या आकड्यावर चालत असे. खोक्यावर हजार-दोन हजार वॅट छापलेले आणि आत ॲम्प्लिफायर मात्र दहा-वीस वॅटचा! आता तो आकडा मागे पडला आहे. त्याची जागा '२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ'ने घेतली. आकडे बदलले, पण ग्राहकाला आकड्यांनी भुलविण्याची रीत तीच राहिली.

अमरावती व अकोल्यातही घरासाठी लाख-दोन लाखांची डिजिटल सिस्टिम घेणारे ग्राहक आहेत. डॉक्टर, व्यापारी, नोकरदार, आखातात कमावून परतलेले, असे अनेक. हा पैसा कष्टाचा असतो. म्हणून तो कोणत्या भागावर किती घालावा, याचा विचार दुकानात जाण्याआधी व्हायला हवा. आमचे स्पष्ट मत असे की, बहुसंख्य ग्राहक उलट्या क्रमाने खर्च करतात. आधी महागडा डिजिटल डबा घेतात, मग उरलेल्या पैशात स्पीकर, आणि खोलीकडे व विजेकडे तर पाहतच नाहीत. क्रम याच्या नेमका उलटा हवा.

डिजिटल भागाचे गणित जुने व सोपे आहे. सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी मिळून तयार केलेली सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यात आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटचे, घेतले जातात. नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतची, म्हणजे सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतची कंपने त्यात नोंदविता येतात. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर तेही कमी होते. १६ बिटमुळे अगदी हळू व अगदी मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राखता येते. २४ बिटमध्ये हे अंतर कागदोपत्री १४४ डेसिबल होते. ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्टुडिओला त्याचा उपयोग आहे. परंतु आपल्याकडे मार्चअखेरपासून जूनपर्यंत घराघरात कुलर घरघरत असतो. त्या आवाजात सोळा बिटमधलाच बारीक तपशील बुडून जातो, तेथे चोवीस बिट कुठे ऐकायचे?

याचा अर्थ डिजिटल भाग कसाही चालेल, असा नव्हे. मोबाईलवरून ब्लूटूथने गाणे लावणारा ग्राहक स्वतःच स्वतःची फसवणूक करतो. सीडीच्या आवाजाला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती लागते. ब्लूटूथची सर्वसाधारण पद्धत जास्तीत जास्त ३२८ किलोबिटच्या आसपास पाठविते. तेव्हा लाखाची सिस्टिम वायरने किंवा वायफायने जोडावी. ॲपल म्युझिकने जून २०२१ पासून कोणतेही जादा शुल्क न घेता पूर्ण दर्जाची गाणी देण्यास सुरुवात केली. म्हणजे चांगला माल आता दुर्मिळ राहिलेला नाही. मात्र ज्या जुन्या कव्वालीची मूळ मुद्रिकाच घासलेली आहे, तिला कोणतेही यंत्र नवे करू शकत नाही.

आणखी एक गोष्ट व्यापाराच्या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी आहे. डिजिटल आकड्यांचे आवाजात रूपांतर करणाऱ्या चिप जगात मोजक्याच कंपन्या बनवितात. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथे एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा जगभरच्या ऑडिओ कंपन्यांची तारांबळ उडाली. कित्येकांना आपली मॉडेले बदलून दुसऱ्या कंपनीच्या चिप बसवाव्या लागल्या. म्हणजे स्वस्त व महाग डब्यांच्या पोटात पुष्कळदा एकाच घराण्यातील चिप असते. किमतीतला फरक पेटी, पॉवर सप्लाय व नाव यांचा असतो.

खरा फरक पडतो तो स्पीकरने व खोलीने. आपल्याकडे सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब आणि खाली टाइल्स किंवा शहाबादी फरशी. अशा खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि शब्द पुसट होतात. बारा फूट रुंदीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा खर्ज आपोआप फुगतो. त्याला ग्राहक 'बेस जोरदार आहे' म्हणतो! जाड सतरंजी, पडदे, पुस्तकांनी भरलेले कपाट आणि भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ठेवलेले स्पीकर, एवढ्याने जो फरक पडतो, तो पन्नास हजारांच्या डब्याने पडत नाही.

स्पीकर घेताना वॅटपेक्षा त्याची संवेदनशीलता विचारावी. एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा स्पीकर जेवढा आवाज करतो, तेवढ्यासाठी ९० डेसिबलच्या स्पीकरला निम्मीच शक्ती पुरते. स्पीकर चार ओहमचा असेल, तर ॲम्प्लिफायर तो भार पेलतो काय, हेही पाहावे. परदेशी नावालाच भुलावे, असेही नाही. कोलकात्याची सोनोडाइन, आपल्या पुण्याची केडन्स यांनी या क्षेत्रात नाव कमाविले आहे.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत वऱ्हाडचे हवामान विसरून चालणार नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. ॲम्प्लिफायरमधील कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश उष्णतेमागे साधारण निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. म्हणून जास्त तापणारे यंत्र बंद शोकेसमध्ये कोंबू नये. कमी तापणारा क्लास डी ॲम्प्लिफायर आपल्याकडे अधिक शहाणपणाचा. कुलरचा झोत यंत्रावर येऊ देऊ नये. खारपाणपट्ट्यातील पाण्याचे तुषार उडाले की पांढरा थर बसतो आणि जोडण्या गंजतात. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा अर्थिंगही कमजोर होते. खड्ड्यात पाणी घालावे आणि इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा नसेल, तर स्पीकरमधून गुणगुण येणारच.

दोन लाखांचे अंदाजपत्रक असेल, तर आमच्या मते एक लाख स्पीकरला, पन्नास हजार ॲम्प्लिफायरला, वीस हजार डिजिटल भागाला, पंधरा हजार अर्थिंग, स्टॅबिलायझर व वायरिंगला आणि पंधरा हजार खोलीला द्यावेत.

आता चार शब्द व्यापारी बंधूंसाठी. ग्राहक मुंबईला लॅमिंग्टन रोडला जातो किंवा ऑनलाइन मागवितो, ही तक्रार खोटी नाही. पण आपण त्याला खोके दाखवितो, आवाज ऐकवितो काय? किमतीत ऑनलाइनशी स्पर्धा करणे छोट्या दुकानदाराला झेपणारे नाही. परंतु दुकानामागील एक खोली नीट सजवून दोन-तीन जोड्या ऐकवायला ठेवणे, घरी जाऊन मांडणी करून देणे आणि बिघाड झाल्यास स्वतःचा कारागीर पाठविणे, हे मुंबईचा दुकानदार करू शकत नाही. लग्न-समारंभासाठी साउंडचा व्यवसाय करणारी कितीतरी मुले आपल्याकडे आहेत. सोल्डरिंग, वायरिंग, स्पीकरची कॉइल बदलणे त्यांना येते. त्यांना मोजमापाचे थोडे शिक्षण मिळाले, तर हंगाम संपल्यावरही त्यांच्या हाताला काम राहील.

ग्राहकानेही पक्के बिल घेतल्याशिवाय व सर्व्हिस सेंटर कोठे आहे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. माल मुंबईचा असो की ऑनलाइन, अकोल्याचा ग्राहक अकोल्याच्याच आयोगाकडे जाऊ शकतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केले. पण हे हक्क बिल असेल तरच उपयोगी.

यंत्र दहा-पंधरा वर्षे टिकले, तरच दोन लाखांचा खर्च पटण्यासारखा. म्हणून दुकानात 'किती बिट?' हा प्रश्न शेवटी विचारावा. पहिला प्रश्न असावा : 'माझ्या खोलीत हे ऐकवता काय, आणि बिघडले तर कोण दुरुस्त करील?'