मजूर नव्हे, विक्रेती!

शाळेच्या मराठीत अलंकार हा विषय गुण मिळवण्यापुरता उरला आहे. ‘हे मुख नव्हे, हा चंद्र आहे’ असे वाक्य दिसले की विद्यार्थी ‘अपन्हुती’ असे लिहून मोकळा होतो. उपमेयाचा निषेध करायचा आणि त्याच्या जागी दुसरेच काही उभे करायचे, ही व्याख्या त्याला तोंडपाठ असते. परंतु हीच युक्ती त्याच्या आईच्या पोटावर पाय देत आली आहे, हे त्याला कोणीही शिकवत नाही.

कामठीतील कित्येक चुली बिडीच्या धंद्यावर पेटल्या. सट्टेदाराने तेंदूपत्ता आणि तंबाखू मोजून द्यायचा, बायकांनी घरी बसून बिड्या वळायच्या, छाट वजा जाता उरलेल्या हजारांवर मजुरी घ्यायची, अशी या धंद्याची रीत. कायद्याचा हात जवळ येताच देशभरच्या कारखानदारांनी कागदाची भाषा बदलली. पत्ता ‘दिला’ नव्हे, ‘विकला’. बिड्या ‘वळून घेतल्या’ नव्हेत, ‘विकत घेतल्या’. ही मजूर नव्हे, ही विक्रेती आहे! कवीच्या अपन्हुतीने चंद्राचे काही बिघडत नाही. कारखानदाराच्या अपन्हुतीने मात्र किमान वेतन, भरपगारी रजा आणि भविष्यनिर्वाह निधी नाहीसा होतो. 1966 च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी बिड्या वळणारीला कामगार म्हटले आणि 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, तेव्हा कुठे या अलंकाराला लगाम बसला.

श्रमिकाला आधी भाकरी हवी, अलंकारांचे त्याला काय, असे चळवळीतील काही मंडळी म्हणतात. त्यांना कामठीनेच उत्तर देऊन ठेवले आहे. बिडी मजुरांना संघटित करणारे बाबू हरदास एल. एन. याच गावचे. 1937 साली ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले, 1939 साली ऐन पस्तिशीत वारले. ‘जयभीम’ या अभिवादनाचे जनकत्व त्यांच्याकडे जाते. ज्या समाजाच्या तोंडी ‘जोहार मायबाप’ घातले गेले होते, त्याने नमस्काराचा शब्द बदलला आणि वाकलेली मान ताठ केली. शब्द हे भाकरीच्या लढ्याचेच हत्यार आहे, हे त्या तरुण पुढाऱ्याने ओळखले होते.

आज तीच अपन्हुती नवे कपडे घालून आली आहे. दुचाकीवरून घरोघरी जेवण पोचवणाऱ्या तरुणाला कंपनी ‘भागीदार’ म्हणते. ही कसली भागीदारी, जिच्यात नफा एकाचा आणि अपघात दुसऱ्याचा? सामाजिक सुरक्षा संहितेनेही अशा श्रमिकाची व्याख्या मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेरचा म्हणूनच केली आहे. ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाली. त्याच दिवशी लागू झालेल्या दुसऱ्या संहितेने 1966 चा कायदा पोटात घेतला. वेतनवाढ मागितली की ‘बाजाराला हे रुचणार नाही’ असे ऐकवले जाते. बाजाराला कधी रुची असते काय? ही निव्वळ चेतनगुणोक्ती. तिच्याआड ज्यांना रुचत नाही ती हाडामांसाची माणसे लपलेली असतात.

म्हणून अलंकार शिकवायचेच, पण चंद्रमुखाबरोबर करारपत्र, नोटीस आणि मजुरीचे कार्डही फळ्यावर मांडून. कामगारांच्या अभ्यासवर्गांनी तरी हे काम अंगावर घ्यावे. ‘भागीदार’ या शब्दापाशी थांबून ‘हा अलंकार कोणाच्या फायद्याचा?’ असे विचारणारा श्रमिक तयार झाला, की त्याला फसवणे पूर्वीइतके सोपे राहणार नाही.