ध्येयाची निवड कोण करतो?

या वेळचं पत्र भिलाईहून.

गेल्या महिन्यात इथल्या एनसीसी कॅडेट्सना मी कोरे कागद वाटले आणि सांगितलं, "पाच वर्षांनी कुठे असायचं आहे ते एका ओळीत लिहा." चाळीस कागद परत आले. आयआयटी, नीट, कलेक्टर, एनडीए, अग्निवीर. पाच-सहा शब्दांत सगळी भिलाई मावली. मग मी दुसरा प्रश्न विचारला, "त्यासाठी उद्या सकाळी काय करणार?" तेव्हा निम्म्याहून अधिक पेनं थांबली.

मुलांना मी दोष देत नाही. हे गावच मोठ्या ध्येयातून उभं राहिलेलं आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. ज्या रुळांवरून तुम्ही पुणे-मुंबई करता, त्यातले कितीतरी इथले आहेत. आपल्यासाठीही हा मुलूख परका नाही. एके काळी तो नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता आणि १९५६ पर्यंत इथली राजधानी नागपूरच होती. सेक्टरमधल्या क्वार्टर्समध्ये आजही मराठी घरं भेटतात. कारखान्यात बापाची नोकरी पक्की होती, मुलाची तशी राहिली नाही. म्हणून घराघरात एकच घाई दिसते: पोराने लवकर ध्येय ठरवावं. आणि पोराला जमत नसेल, तर आपण ठरवून द्यावं.

आम्हा फौजींना युद्धाची तत्त्वं शिकवतात. त्यातलं पहिलं तत्त्व म्हणजे 'ध्येयाची निवड आणि त्यावर टिकून राहणं'. निवृत्त मंडळींना ते झोपेतही पाठ असेल. पण तरुणांसमोर भाषण द्यायला उभे राहिलो की आपण सगळे उत्तरार्धावरच बोलतो. चिकाटी, शिस्त, पहाटे उठणं, हार न मानणं. निवडीचा भाग मात्र दोन मिनिटांत उरकतो. चुकीच्या टेकडीवर कितीही शौर्याने हल्ला केला तरी ती टेकडी बरोबर ठरत नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून हा लेख.

३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. सतरा जणी. ज्या मैदानावर आम्ही घाम गाळला, तिथे त्यांना पाहून ऊर भरून आला. त्याच आठवड्यात मी आमच्या सगळ्यात तडफदार कॅडेट मुलीला बोलावलं आणि म्हणालो, "तू एनडीए करायची." तिने हळूच सांगितलं होतं, "सर, मुझे नर्सिंग करना है." मी हसून म्हणालो, "ते नंतरही होईल. तुझ्यात अधिकारी दिसतो मला." तिने नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरला नाही. बी.एस्सी.ला नाव घातलं आणि तयारीला लागली.

लेखी परीक्षा ती पास झाली. एसएसबीला पाच दिवस पूर्ण राहिली आणि शेवटच्या दिवशी परत आली. मी समजूत काढायला बसलो, तर ती शांतपणे म्हणाली, "सर, मुलाखतीत विचारलं, फौजेत का यायचं आहे? मी तुमचं उत्तर दिलं."

एसएसबीची रचना माहीत असलेल्यांना याचा अर्थ लगेच कळेल. मानसशास्त्रीय चाचणीत लिहिलेलं, मैदानावर केलेलं आणि मुलाखतीत बोललेलं, तिन्हीकडे एकच माणूस दिसावा लागतो. त्या मुलीत खोट काहीच नव्हती. ती माझं ध्येय पाठीवर घेऊन गेली होती, एवढंच. बोर्डाने निर्णय बरोबर दिला. तिचं एक वर्ष गेलं ते माझ्यामुळे.

कुणी म्हणेल, सतरा-अठराच्या वयात मुलांना कळतं काय? मोठ्यांनीच दिशा द्यायला हवी. यात तथ्य आहे. मलाही दिशा मिळाली. मी औरंगाबादच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्थेचा, आमच्या एसपीआयचा विद्यार्थी. महाराष्ट्र सरकारने १९७७ मध्ये ती सुरू केली नसती, तर माझ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या पोराला एनडीए म्हणजे काय हेही कळलं नसतं. पण आज मागे वळून पाहतो तेव्हा लक्षात येतं की तिथे आम्हाला स्वप्न कुणी दिलं नाही. ते घेऊनच आम्ही गेलो होतो. तिथे मिळालं वेळापत्रक, मैदान, गणित घोटून घेणारे शिक्षक आणि चूक तोंडावर सांगणारे मित्र. माझ्या मते मोठ्यांचं काम इथपर्यंतच आहे. दारं किती आहेत ते दाखवावं, वाट चालायला मदत करावी. कुठल्या दारातून जायचं हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता मी कॅडेट्सशी बसतो तेव्हा तीन प्रश्न विचारतो. पहिला: हे कुणी सुचवलं? दुसऱ्याने सुचवलं म्हणून ते वाईट होत नाही, पण उत्तर प्रामाणिक हवं. दुसरा: यातलं तुझ्या हातात काय आहे? भरती होणं हातात नाही, कारण जागा, कट-ऑफ, वैद्यकीय तपासणी हे सगळं बाहेरचं. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावणं हे बऱ्याच अंशी हातात आहे. म्हणून वहीत 'अग्निवीर' न लिहिता आजची वेळ लिहायची आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजायची. तिसरा: हे झालं नाही तर काय? आणि झालं तर पुढे काय?

हा तिसरा प्रश्न कुणालाच आवडत नाही. पण अग्निवीर होऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला मी तो विचारतोच. चार वर्षांनी एका तुकडीतले २५ टक्क्यांपर्यंत कायम होतात. बाकीच्यांचं वय तेव्हा बावीस-तेवीस असेल. पाचव्या वर्षाचा विचार आज करणं म्हणजे कच खाणं नव्हे. राखीव तुकडी न ठेवता कुठला कमांडर हल्ल्याला निघतो?

भिलाईपासून जवळच गनियारी नावाचं गाव आहे. तिथल्या तीजनबाईंनी आजोबांकडून पंडवानी ऐकली आणि तेराव्या वर्षी लोकांपुढे गायल्या. बायकांनी बसून गायची रीत होती, त्या उभ्या राहून पुरुषांच्या कापालिक शैलीत गाऊ लागल्या. त्यासाठी समाजाने त्यांना बाहेर काढलं. पुढे भिलाई पोलाद कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली, जगभर कार्यक्रम झाले आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण. त्या मुलीला त्या वयात कागद दिला असता, तर तिच्या घरच्यांनी त्यावर 'पंडवानी' लिहू दिलं नसतं. प्रत्येक मूल तीजनबाई होणार नाही, हे मलाही कळतं. पण आपल्या ओठांवरचं उत्तर मुलांच्या कागदावर उमटलं की आपण खूश होतो. ती खुशी एकदा तपासून पाहावी, एवढंच म्हणणं आहे.

त्या चाळीस कागदांच्या दिवशी घरी आलो आणि एक कागद माझ्या मुलापुढेही ठेवला. तो अकरावीत आहे, जेईईच्या क्लासला जातो. त्याने पेन उचललं आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला काय हवंय ते लिहू, की मला?"

मी म्हणालो, तुला. त्यावर तो बराच वेळ काही लिहीना. "मला अजून माहीत नाही," म्हणाला. पूर्वीचा मी असतो तर तिथेच लेक्चर सुरू केलं असतं. या वेळी गप्प बसलो, सोपं गेलं नाही. तो कागद अजून त्याच्या टेबलावर कोराच आहे. जेईईचा क्लास चालू आहे, पण रविवारी आम्ही दोघं एकेका कामाच्या माणसाला भेटायला जातो: कारखान्यातला वेल्डर, एक पशुवैद्य, एक सर्वेक्षक. त्याला दारं दिसू देत.

ती मुलगी यंदा नर्सिंगचा अर्ज भरते आहे. अर्जाला कॅडेट म्हणून शिफारसपत्र मागायला आली होती. मी लिहून दिलं आणि माफीही मागितली. ती म्हणाली, "सर, पाच दिवस खूप शिकले." तिचा मोठेपणा. पण ते गेलेलं वर्ष माझ्या हिशेबात आहे.

तुमच्या घरातही असा एखादा कागद असेल. तो कुणाच्या हस्ताक्षरात आहे, बघा एकदा.

जय हिंद.