एअर फिल्टरचा डबा काढू नका

केदारखेडा, राजूर, भोकरदन या पट्ट्यातल्या सगळ्या चारचाकीवाल्यांना, त्यातही पहिलीच गाडी घेतलेल्या तरुणांना, एक कळकळीची विनंती आहे. एअर फिल्टरचा कंपनीचा डबा काढून तिथे उघडा कोन फिल्टर बसवणं, डब्याला ड्रिलने भोकं पाडणं, ‘हवा मोकळी जाऊ द्या’ म्हणून फिल्टरच काढून गाडी पळवणं, हे प्रकार थांबवा. मोबाइलवर व्हिडिओ बघून तासाभरात होणारं हे काम आपल्या भागात इंजिनाच्या मुळावर येतं.

इंजिन किती हवा ओढतं ते आधी बघा. एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण ११ किलो हवा लागते. ती जागेच्या हिशेबात जवळपास ९ हजार लिटर होते. चाळीस लिटरची टाकी रिकामी होईपर्यंत गाडीने साडेतीन लाख लिटरपेक्षा जास्त हवा आत घेतलेली असते. आता ही हवा आपल्याकडची आहे, हे लक्षात घ्या. मार्चपासून मृगापर्यंत रस्त्याच्या साइडपट्टीवर फुफाटा उडतो. पाणंद रस्त्यावर पुढे ट्रॅक्टर असला तर काच वर करावीच लागते. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन आणि मक्याची मळणी सुरू झाली की भुसकट अंगणापर्यंत येतं. खडी-मुरमाच्या टिप्परमागून दोन किलोमीटर गेलं तरी बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येईल इतका थर बसतो. बॉनेटच्या वर जे बसतं तेच खाली इंजिनाच्या तोंडाशीही येतं. तिथे त्याला अडवणारा एकच पहारेकरी असतो, तो म्हणजे त्या काळ्या डब्यातला घड्यांचा कागद.

त्या कागदातून सुटलेली धूळ काय करते? माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. इंजिनाची खरी झीज करणारे कण १० ते २० मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे डोळ्यांना सुटे दिसणारही नाहीत असे असतात. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ऑइलचा थर असतो जेमतेम काही मायक्रॉनचा. कण त्या थरापेक्षा मोठा असला की भिंतीवर ओरखडा उठतो. पुढे तो कण ऑइलमध्ये मिसळून बेअरिंगपर्यंत जातो. गॅरेजमध्ये व्हॉल्व घासायला जी खरखरीत पेस्ट वापरतात, तसंच ऑइल इंजिनभर फिरायला लागतं. मग कॉम्प्रेशन उतरतं, गाडी ऑइल खायला लागते, निळा धूर मारते, आणि शेवटी मिस्त्री सांगतो, ‘इंजिन उतरवावं लागेल.’ काही शे रुपयांच्या फिल्टरची हौस हजारोंच्या इंजिनकामावर जाते. टर्बोच्या गाडीत धोका आणखी वाढतो. टर्बोचं पातं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. त्या वेगात धुळीने त्याच्या कडा झिजतात, आणि ढिली राहिलेली एखादी क्लिप आत गेली तर पातं तिथेच तुटतं.

‘पण पिकअप तर वाढतो ना?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. रोजच्या चालवण्यात नाही वाढत. पेट्रोल गाडीत तुम्ही ॲक्सिलरेटर अर्धा दाबता तेव्हा हवेला अडवते ती थ्रॉटलची झडप. फिल्टरची अडवणूक त्यापुढे किरकोळ असते. झडप अर्धी मिटलेली असताना फिल्टर मोकळा करून हाती काही लागत नाही. डिझेल गाडीत किती डिझेल मारायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. जादा हवा मिळाली म्हणून तो आपण होऊन जादा ताकद काढून देत नाही. उलट उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. बाहेर ४० अंश आणि बॉनेटखाली ६० अंश असेल तर तेवढ्याच जागेतली हवा वजनाने सुमारे ६ टक्के कमी भरते. कंपनीच्या डब्याचं नळकांडं ग्रिलजवळ नेलेलं असतं ते बाहेरची थंड हवा मिळावी म्हणूनच. ती सोय काढून फेकून तुम्ही पैसे देऊन उलटंच करून घेता.

मग गाडी जोरात पळाल्यासारखी का वाटते? आवाजामुळे. डबा आणि त्याला जोडलेले पोकळ कप्पे इंजिनाचा घरघराट दाबतात. ते काढले की टर्बोची शिट्टी ऐकू येते आणि कानाला वेग वाढल्यासारखा वाटतो. शर्यतीच्या गाड्यांत इन्टेक बदलतात हे खरं आहे. पण तिथे बंदिस्त डबा, त्याला साजेसं कॉम्प्युटरचं ट्यूनिंग आणि चाचणीचं यंत्र हे सगळं सोबत असतं, आणि शर्यतीचं इंजिन वारंवार खोलून बघितलं जातं. आपली गाडी दहा-पंधरा वर्षं चालायला हवी.

आणखी एक बारीक पण महागडी गोष्ट. अनेक गाड्यांत डब्याच्या पुढच्या नळीत हवा मोजणारा सेन्सर असतो. त्याचा हिशेब त्या नळीच्या मापावर बसवलेला असतो. नळी बदलली की मोजमाप चुकतं, मिश्रण बिघडतं, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटतो. धुऊन परत वापरायच्या कापडी फिल्टरला तेल जास्त लागलं तर ते सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं. इंजिनाची वाफ परत आत नेणारी ब्रीदरची नळी अशा कामात बऱ्याचदा उघडीच सोडली जाते. तिथून विनागाळणीची हवा थेट आत जाते.

पावसाळ्याचं तर नावच घ्यायला नको. थंड हवा मिळावी म्हणून काही जण फिल्टर खाली बंपरमागे नेऊन बसवतात. पूर्णेला पाणी आलं, ओढे भरले, सखल पुलावर गुडघाभर पाणी असलं की असा फिल्टर हवेऐवजी पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतानाच अडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. गाडीत परस्पर केलेला बदल दिसला तर तीही भरपाई अडू शकते. वॉरंटीचंही तसंच.

कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग करायचं काय? आपल्या घरातल्या थोरांनी ट्रॅक्टरचा ऑइल बाथ, म्हणजे तेलाचा एअर फिल्टर, धुळीच्या कामात वेळच्या वेळी उघडून साफ केला, म्हणून ती इंजिनं वर्षानुवर्षं टिकली. तीच शिस्त कारला लावा. गाडीच्या पुस्तकात धुळीच्या भागासाठी बहुधा फिल्टरचं वेगळं, कमी किलोमीटरचं वेळापत्रक दिलेलं असतं. आपल्याला तेच लागू आहे. फिल्टर काढल्यावर तो हलक्या हाताने ठोकून झटका. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका, कागद फाटतो. पाण्याने तर मुळीच धुऊ नका. मग अंधारात नेऊन आतून मोबाइलची टॉर्च लावा. एखाद्या ठिकाणी सुईच्या टोकाएवढा लख्ख ठिपका दिसला तरी तो फिल्टर बाद समजा. नुसता मळलेला फिल्टर मात्र घाईने फेकू नका. थोडी धूळ धरलेला कागद नव्यापेक्षा बारीक गाळतो.

परत बसवताना रबराची कड दुमडलेली नाही ना ते बघा आणि डब्याच्या सगळ्या क्लिपा लावा. एक क्लिप तुटली म्हणून तार बांधून भागवू नका. मग फिल्टरच्या पुढची, इंजिनाकडे जाणारी नळी सोडवा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर कुठून तरी चोरहवा जाते आहे, ती जागा शोधल्याशिवाय गाडी पुढे नेऊ नका. गाडी महिनाभर उभी असेल तर चावी फिरवण्याआधी डबा उघडा. दाण्याच्या कोठीशेजारी उभ्या गाडीत उंदीर घर करतात आणि कागद कुरतडतात.

गाडी खरंच ओढत नसेल तर आधी टायरची हवा, क्लच, चिकटलेले ब्रेक, प्लग, डिझेल फिल्टर आणि टर्बोच्या नळ्या तपासून घ्या. ताकद बहुतेक वेळा तिथेच हरवलेली असते.

मिस्त्री बांधवांनो, गिऱ्हाइकाने हट्ट धरला तरी डबा काढायला नकार द्या. तो आज रुसेल, पण दोन वर्षांनी तुमच्याच शब्दावर गाडी घेईल. आणि ज्यांनी उघडा फिल्टर बसवलाच आहे त्यांनी मूळ डबा, नळी आणि नवा फिल्टर बसवून घ्यावा, सोबत इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदलावा. मूळ डबा भंगारात गेला असेल तर त्याच मॉडेलचा मिळवा. हे काम मळणीचं भुसकट उडायच्या आत उरकून टाका.