कंपनीने सोडलेला राऊटर: भंगारात टाकायचा की कामाला लावायचा?

बेळगाव शहरातच नव्हे, तर खानापूर, निपाणीकडच्या गावांतही आता फायबरची लाईन घरापर्यंत येऊ लागली आहे. लाईन बदलली की डबाही बदलतो. जुना राऊटर एक तर कपाटावर जाऊन बसतो, नाही तर मागच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर वाय-फाय पोहोचावे म्हणून तसाच चालू ठेवला जातो. चालतोय ना, मग कशाला हात लावा, असा सरळ हिशेब असतो.

कपाटावरचा डबा कुणाचे काही बिघडवत नाही. प्रश्न आहे तो वर्षानुवर्षे चालू असलेल्या आणि कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडलेल्या डब्याचा.

अमेरिकेच्या एफबीआयने ७ मे २०२५ रोजी याच विषयावर इशारा काढला. त्यात लिंक्सिस, सिस्को वगैरेंच्या १३ जुन्या मॉडेलांची नावे होती. ई१२००, ई१५००, ई२५००, ई४२००, डब्ल्यूआरटी३१०एन ही त्यातली काही. या राऊटरांना कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट मिळणे बंद झाले होते. ज्यांच्यात बाहेरून राऊटर हाताळण्याची सोय चालू होती, त्यांत 'द मून' नावाच्या मालवेअरचा नवा अवतार शिरला. घरमालकाला पत्ता नाही, नेट व्यवस्थित चालू; आणि त्याच वेळी त्याच्या लाईनवरून तिसऱ्याच माणसाची वाहतूक सुरू. 'एनीप्रॉक्सी' आणि 'फाइव्हसॉक्स' या दोन सेवा अशा लाईन पैसे घेऊन भाड्याने देत होत्या. अमेरिकन न्याय खात्याने रशियाच्या तिघांवर आणि कझाकस्तानच्या एकावर आरोपपत्र ठेवले. या धंद्यातून ४ कोटी ६० लाख डॉलरहून जास्त कमाई झाली, असे त्यात म्हटले आहे.

ही अमेरिकेतली भानगड, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून चालणार नाही. ऑनलाइन फसवणुकीचा तपास सुरू झाला की पोलीस आधी आयपी ॲड्रेस काढतात, मग त्या वेळी तो कुणाच्या जोडणीवर होता हे नेट कंपनीला विचारतात. कागदावर नाव येते ग्राहकाचे. राऊटरमध्ये दुसराच कुणी बसला होता हे सिद्ध करायला साध्या माणसाने जायचे कुठे?

डब्याच्या आत काय असते?

राऊटर म्हणजे दिवे लुकलुकणारी प्लास्टिकची पेटी, एवढीच बहुतेकांची ओळख. प्रत्यक्षात तो एक छोटा संगणक आहे. त्यात प्रोसेसर असतो, रॅम असते आणि हार्ड डिस्कच्या जागी फ्लॅश मेमरीची चिप असते. त्या चिपमध्ये डबा चालवणारे जे सॉफ्टवेअर भरलेले असते, त्याला फर्मवेअर म्हणतात. बाजारातल्या बऱ्याच घरगुती राऊटरांत हे फर्मवेअर मुळात लिनक्सवरच बांधलेले असते.

हे उघड झाले ते एका मॉडेलमुळे. लिंक्सिसने २००२ च्या अखेरीस डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा, दोन अँटेनांचा राऊटर बाजारात आणला. २००३ मध्ये सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली. त्याच वर्षी जाणकारांच्या लक्षात आले की या डब्यात लिनक्स आहे. लिनक्स जीपीएल या परवान्याखाली मिळते. त्याची अट साधी आहे: सॉफ्टवेअर वापरा, बदला, विका; पण ज्याला विकाल त्याला त्याचा सोर्स कोडही द्या. मागणी वाढली आणि कंपनीला कोड खुला करावा लागला. त्या कोडच्या आधारावर २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला. नावातले 'डब्ल्यूआरटी' त्या राऊटरवरूनच आले आहे.

पुढची गोष्ट ग्राहकाने नीट लक्षात ठेवावी अशी. २००५ मध्ये याच राऊटरची पाचवी आवृत्ती आली. पेटी तीच, नाव तेच. पण आत लिनक्सऐवजी दुसरी प्रणाली घातली आणि मेमरी कमी केली. रॅम १६ एमबीवरून ८ वर, फ्लॅश ४ एमबीवरून २ वर. स्वतःचे लिनक्स घालणाऱ्यांची पंचाईत झाली. तेव्हा त्याच कंपनीने जुनी बनावट डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने वेगळी विकायला काढली. शेवटचा 'एल' लिनक्सचा. गिऱ्हाईक उघड्या डब्यासाठी पैसे मोजायला तयार आहे, हे कंपनीलाही कळले होते.

अशीच दुसरी वस्तू म्हणजे एनएसएलयू२. २००४ मध्ये आलेली ही छोटी पेटी यूएसबी हार्ड डिस्क घरच्या नेटवर्कला जोडण्यासाठी होती. रॅम ३२ एमबी, फ्लॅश ८ एमबी. हौशी मंडळींनी तिच्यावर डेबियनसारखे पूर्ण लिनक्स बसवले आणि फाईल सर्व्हर, वेब सर्व्हर अशी कामे काढून घेतली.

हिशेब काय सांगतो?

वहीत घसारा पुरा झाला म्हणून वस्तू निकामी होत नाही. राऊटरचे तसेच आहे. कंपनीने अपडेट थांबवले तरी आतला प्रोसेसर ठणठणीत असतो. संपलेली असते ती कंपनीची जबाबदारी.

विजेचा खर्चही पाहू. जुना घरगुती राऊटर साधारण १० वॅट घेतो असे धरले, तर चोवीस तास चालवून वर्षाला ८८ युनिटच्या आसपास जातात. फाईल ठेवायला किंवा कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग घ्यायला जुना डेस्कटॉप ८० वॅटवर सतत चालू ठेवला, तर तोच आकडा ७०० युनिटवर जातो. दुकान, क्लास किंवा छोटे ऑफिस चालवणाऱ्याला हा फरक बिलात दिसेल.

ओपनडब्ल्यूआरटी घातलेल्या डब्याकडून कामेही बरीच होतात. वरच्या मजल्यावर वाय-फाय पोहोचवणे, पाहुण्यांसाठी किंवा गिऱ्हाइकांसाठी वेगळे नेटवर्क काढणे, जाहिराती अडवणे, यूएसबी पोर्ट असेल तर प्रिंटर किंवा पेन ड्राईव्ह सगळ्यांना वापरायला देणे, मुख्य लाईन तुटली की मोबाईल डोंगलवर आपोआप जाणे. पावसाळ्यात झाड पडून फायबर तुटते अशा भागात हे शेवटचे काम मोलाचे ठरते. त्याच्या 'लुसी' या सेटिंगच्या पानांना मराठीचाही पर्याय आहे. भाषांतर सगळीकडे पुरे नाही, पण आहे.

मुख्य फायदा अपडेटचा. ऑक्टोबर २०१७ मध्ये वाय-फायच्या डब्ल्यूपीए२ सुरक्षेतली 'क्रॅक' ही त्रुटी जगापुढे आली. या प्रकल्पाच्या मंडळींनी त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. कंपन्यांनी सोडून दिलेल्या कितीतरी राऊटरांना ती दुरुस्ती कधीच मिळाली नाही.

सगळेच डबे वाचत नाहीत

लिनक्स टाका आणि जुना राऊटर नवा करा, असे सरसकट सांगणारे अर्धेच सांगतात. मेमरी हा मोठा अडसर आहे. आपल्याकडे खूप खपलेला टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन घ्या. त्याच्या बहुतेक आवृत्त्यांत ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम आहे. एवढ्या मेमरीच्या डब्यांसाठी ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ ही मालिका शेवटची. तिचे शेवटचे अपडेट एप्रिल २०२२ मध्ये निघाले. म्हणजे त्यावर आज लिनक्स घातले तरी ते जुनेच राहणार. असा डबा इंटरनेटच्या तोंडावर ठेवू नये. शिकायला किंवा बाहेरच्या नेटशी संबंध नसलेल्या कामाला तो ठीक. आता घ्यायचा तर किमान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमचा घ्यावा.

दुसरा अडसर चिपचा. ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप असेल तर खुले ड्रायव्हर नीट मिळत नाहीत. मीडियाटेक आणि क्वालकॉम-अथेरॉसच्या अनेक चिपांवर काम बरे होते. तिसरी गोष्ट आवृत्तीची. खालच्या लेबलवर मॉडेलच्या पुढे लिहिलेला 'व्ही २', 'व्ही ३' हा आकडा जुळलाच पाहिजे. चुकीची फाईल घातली तर डबा बंद पडतो. बऱ्याच मॉडेलांत तो परत उठवता येतो, पण त्यासाठी जाणकार हात लागतो. वॉरंटी बाकी असेल तर तीही जाण्याची शक्यता धरावी.

आणि नेट कंपनीने भिंतीवर लावून दिलेल्या फायबरच्या डब्याला हात लावू नये. तो पुष्कळदा कंपनीच्याच मालकीचा असतो, कंपनी तो दुरून हाताळते आणि त्यातला फायबरचा भाग बंदिस्त असतो. त्याच्या मागे स्वतःचा राऊटर जोडावा आणि प्रयोग त्याच्यावर करावा.

कायदा कुठे उभा आहे?

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून नियम लागू झाला. इंटरनेटला जोडणारी वस्तू विकताना तिला सुरक्षेचे अपडेट निदान कधीपर्यंत मिळतील हे सांगावे लागते. सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड देता येत नाही. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्यातली मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. वस्तूचे आयुष्य मुळात कमी नसेल तर निदान पाच वर्षे सुरक्षेची जबाबदारी त्यात कंपनीवर आहे.

भारतात ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोडेम आणि राऊटर त्यांच्या यादीत येतात. उत्पादकाला ठरावीक प्रमाणात ई-कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी घ्यावी लागते. २०२३-२४ साठी हे प्रमाण ६० टक्के होते, ते टप्प्याटप्प्याने ८० टक्क्यांवर जायचे आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राईट टू रिपेअर' पोर्टलही सुरू केले.

पण हे सगळे बोलते ते वस्तू मोडल्यावर काय करायचे याविषयी. राऊटर मोडत नाही. तो चालू असतो आणि सॉफ्टवेअर जुने होत जाते. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, औषधाच्या पट्टीवर असते. चोवीस तास घराच्या वेशीवर उभ्या असलेल्या डब्यावर मात्र अपडेट कधी थांबणार याची तारीख छापणे बंधनकारक नाही. त्यामुळे दोन-तीन वर्षे गोदामात पडलेले जुने मॉडेल ऑनलाइन स्वस्तात विकले जाते आणि गिऱ्हाईक त्याला सौदा समजते.

दुसरी मागणीही तितकीच रास्त आहे. अपडेट थांबवायचे तर थांबवा, पण त्या दिवशी डब्याचे कुलूप उघडे करा, म्हणजे मालकाला दुसरे सॉफ्टवेअर घालता येईल. हे अशक्य नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्याच मंडळींनी नोव्हेंबर २०२४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी वन' हा राऊटर पेटीसह ८९ डॉलरला, त्या वेळच्या दराने साधारण साडेसात हजार रुपयांना, विक्रीला आणला. त्यात कुलूपच नाही. आपल्याकडच्या साध्या राऊटरपेक्षा तो महाग आहे, हेही खरे.

सध्या करायचे काय?

घरातल्या प्रत्येक राऊटरचे लेबल वाचून मॉडेल आणि आवृत्ती लिहून काढावी. कंपनीच्या साईटवर त्याचे शेवटचे अपडेट केव्हाचे आहे ते पाहावे. बाहेरून हाताळण्याची सोय बंद करावी, ॲडमिनचा पासवर्ड बदलावा आणि राऊटर एकदा बंद करून चालू करावा. अपडेट थांबले असतील तर ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत तो डबा आहे का, हे बघावे. असेल आणि मेमरी पुरेशी असेल, तर तालुक्यातले डिप्लोमा-इंजिनिअरिंगचे एखादे पोरगे तासाभरात काम करून देईल. नसेल तर तो भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावा.

आणि नवा घेताना दुकानदाराला, नेट देणाऱ्या केबलवाल्याला एक प्रश्न जरूर विचारावा: याला अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी तोच प्रश्न विचारला, तर अकराव्याच्या आधी दुकानदार तो वितरकाला विचारेल. कायद्याने तारीख छापायला लावेपर्यंत ग्राहकाच्या हातात एवढेच आहे.