शिबिरापूर्वीची पागा

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून हौसेने अश्व खरेदी करून आणणारे आमचे नवे मालक प्रथमच प्रशिक्षण-शिबिरास निघतात, तेव्हा खोगिराच्या झळाळीची जेवढी चिंता वाहतात, तिच्या चतुर्थांशानेही जनावरास मालमोटारीत निमूट चढण्याची सवय लावण्याची वाहत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. फळीवर पहिला खूर वाजताच कान मागे टाकून अंग चोरणाऱ्या घोडीस त्या क्षणी चाबूक दाखविणे म्हणजे शिबिराचा पहिला दिवस गमावणे होय. महिनाभर आधीपासून रोजची चंदी त्याच फळीवर चारावी. ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला, घरचाच चारा आणि आठवडाभर आधी उरकलेली नालबंदी, एवढा सरंजाम पुरे. मोतद्दारास मात्र सोबत न्यावेच. घोडी त्याचे ऐकते, आपले नव्हे, हे शिक्षकाच्या पहिल्या फेरीतच ध्यानात येते.